दिल्लीचे सय्यद, दख्खनचे बंदेनवाज

सोलापूर सोडून गाडी गुलबर्ग्याकडे निघाली की अक्कलकोट रोडला स्वामीभक्त उतरतात. पुढे दुधनी लागते, महाराष्ट्राची हद्द संपते. गाणगापूर रोडला दत्तभक्तांची झुंबड उतरते. डब्यात उरतात ते बहुतेक गुलबर्ग्याचे प्रवासी. त्यांतल्या कोणाच्या हातात हार-फुलांची पिशवी असते, कोणाच्या कडेवर पहिल्यांदाच दर्ग्याला निघालेले तान्हे मूल. या एवढ्याशा प्रवासात डब्यातली भाषा मराठीतून कानडीत कधी शिरली आणि मधेच दख्खनी उर्दू कधी सुरू झाली, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. गुलबर्गा हे आजचे कलबुर्गी. या शहरात ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (रह.) यांची मजार आहे. या मुलखातल्या मुसलमानांच्या आणि कितीतरी हिंदू घरांच्याही दृष्टीने ते इथलेच, घरचे बुजुर्ग आहेत. मात्र त्यांचा जन्म दिल्लीचा, तारुण्य दिल्लीतले आणि आयुष्याची साठाहून अधिक वर्षेही दिल्लीतच गेलेली. मग दिल्लीचा एक सय्यद दख्खनचा कसा झाला?

उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला द्रविड देश आणि मधे दख्खन. हा मधला मुलूख कधीच पूर्णपणे एका बाजूचा झाला नाही. इथे जे आले त्यांना काहीतरी सोडावे लागले आणि काहीतरी उचलावे लागले. बंदेनवाजांचे चरित्र म्हणजे या सोडण्याची आणि उचलण्याची हकिकत आहे.

हुकमाने घडलेला पहिला प्रवास

त्यांचे नाव सय्यद मुहम्मद हुसैनी. जन्म १३२१ चा, हिजरी ७२१ चा. वडील सय्यद यूसुफ हुसैनी हे सुफी वृत्तीचे विद्वान. लोक त्यांना राजू कत्ताल म्हणून ओळखत. मुहम्मद पाच-सहा वर्षांचे असताना मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, दुसरी राजधानी करण्याचे ठरवले. दिल्लीतले उमराव, आलिम, सुफी, कारागीर यांना कुटुंबकबिल्यासह दक्षिणेकडे जाण्याचे फर्मान निघाले. १३२७ च्या सुमारास सुरू झालेल्या या स्थलांतराची वर्णने आजही अंगावर काटा आणतात. त्या तांड्यात हे हुसैनी कुटुंबही होते.

दौलताबादजवळच्या खुल्दाबादेत तेव्हा दिल्लीच्या सुफींची एक वसाहतच उभी राहत होती. हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब हे तिथलेच. लहानग्या मुहम्मदाचे पहिले धडे याच परिसरात झाले. वेरूळचा डोंगर, देवगिरीचा किल्ला आणि आजूबाजूच्या गावांतली मराठी बोली, हे त्यांच्या बालपणाचे जग होते. त्या वेळी ज्ञानेश्वरी लिहून होऊन चाळीस वर्षेही झाली नव्हती आणि नामदेव महाराज हयात होते. नामदेवांची वाणी याच शतकात उत्तरेकडे गेली आणि पुढे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात विसावली. उत्तरेची एक परंपरा त्याच सुमारास दख्खनच्या मातीत रुजत होती. रस्ता एकच होता, फक्त जाणाऱ्यांच्या दिशा वेगळ्या होत्या.

मुहम्मद दहा वर्षांचे असताना, १३३१ मध्ये, वडिलांचा इंतकाल झाला. त्यांना खुल्दाबादेतच दफन करण्यात आले. ज्या जमिनीत बाप पुरला जातो ती जमीन माणसाला पूर्ण परकी राहत नाही. हुसैनी कुटुंबाचे दख्खनशी नाते जडले ते तिथे. पण आईचे मन तिथे रमले नाही. तिचे भाऊ दौलताबादच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्याशी तिचे बिनसले. १३३५ मध्ये ती मुलांना घेऊन दिल्लीला परतली. मुहम्मद तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते.

मुर्शिदाची पालखी

दिल्लीत हजरत नसीरुद्दीन महमूद यांची खानकाह होती. जग त्यांना चिराग-ए-दिल्ली म्हणते. ते निजामुद्दीन औलियांचे सर्वांत मोठे खलीफा. मुहम्मदांनी त्यांच्या हातावर बैअत केली आणि पुढची वीस वर्षे त्या उंबरठ्याला वाहून घेतली. दिवसा कुराण, हदीस, फिका यांचा कसून अभ्यास आणि रात्री इबादत. केवळ जिक्रात रमून शरीयतच्या इल्मकडे पाठ फिरवणारे ते नव्हते. तरुण मुरीदाला इल्म पुरे करायला खुद्द मुर्शिदांनीच लावले होते. हा कणखरपणा त्यांच्यात अखेरपर्यंत राहिला.

गेसूदराज, म्हणजे लांब केसांचे, हे नाव त्यांना इथेच मिळाले. मुर्शिदांची पालखी मुरीद खांद्यावर वाहून नेत. एकदा मुहम्मदांचे लांब केस पालखीच्या लाकडात अडकले. थांबून केस सोडवावेत तर पालखी अडणार, मुर्शिदांना त्रास होणार. ते तसेच चालत राहिले. केस ओढले जात होते, वेदना होत होत्या, पण चाल मोडली नाही. मुक्कामाला पोचल्यावर हजरतांच्या ध्यानात आले. त्यांनी मुरीदाची ही निष्ठा पाहिली आणि त्या दिवसापासून हा तरुण गेसूदराज झाला.

चिराग-ए-दिल्लींकडून ते आणखी एक गोष्ट शिकले. तुघलक सुलतानाने सुफींना दरबाराच्या कामाला जुंपण्याचा चंग बांधला होता आणि त्यात नसीरुद्दीन यांना फार सोसावे लागले. पुढे एका कलंदराने खोलीत शिरून त्यांच्यावर सुरीचे वार केले. रक्त मोरीतून वाहत बाहेर आले तेव्हा कुठे मुरीदांना कळले. हजरतांनी हल्लेखोराला हात लावू दिला नाही. उलट वार करताना त्याला काही लागले असेल म्हणून त्याची विचारपूस केली आणि पैसे देऊन त्याला सुखरूप वाटेला लावले. सत्तेपुढे वाकायचे नाही आणि अन्याय करणाऱ्याचा सूडही घ्यायचा नाही, हा या घराण्याचा सब्र होता. गुलबर्ग्यात गेसूदराजांची परीक्षा झाली ती याच सब्राची.

१३५६ च्या रमजान महिन्यात चिराग-ए-दिल्ली अल्लाहला प्यारे झाले. त्यांनी एक विलक्षण वसीयत केली होती. पीर घराण्याकडून त्यांच्याकडे आलेल्या अमानती, म्हणजे खिरका, असा, तसबीह, लाकडी कटोरा, खडावा, या कोणाच्याही हाती न देता त्यांच्याबरोबरच कबरीत ठेवायच्या होत्या. तसेच केले गेले. अजमेरपासून दिल्लीपर्यंत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती येत गेलेली चिश्ती गादीची ती साखळी त्या रमजानमध्ये दिल्लीच्या मातीत मिटली.

वरवर पाहता हा शेवट होता. प्रत्यक्षात त्या घटनेने दार उघडले. आता सगळ्या हिंदुस्थानचा असा एकच वारस राहिला नव्हता. चिराग-ए-दिल्लींचे खलीफा आपापल्या प्रांतात गेले. तिथली माणसे, तिथली भाषा, तिथली गरज यांना धरून चिश्ती सिलसिला ठिकठिकाणी नव्याने उभा राहिला. गेसूदराज मात्र दिल्लीतच थांबले. मुर्शिदामागे बेचाळीस वर्षे ते तिथे शिकवत राहिले, मुरीदांना वाट दाखवत राहिले. चाळिशीत त्यांचे लग्न झाले, मुले झाली. आयुष्य इथेच मावळणार असे वाटावे, इतके ते दिल्लीचे झाले होते.

ऐंशीव्या वर्षी सोडलेले घर

१३९८ च्या हिवाळ्यात तैमूर दिल्लीवर चालून आला. १७ डिसेंबरला दिल्लीच्या वेशीबाहेर लढाई झाली आणि तुघलकांची फौज मोडली. पाठोपाठ कत्तल आणि लूट सुरू झाली. त्याच सुमारास गेसूदराज आपले कुटुंब आणि काही सोबती यांना घेऊन शहराबाहेर पडले. हिजरी वर्षांनी मोजले तर ते तेव्हा ऐंशीचे होते.

त्या वयात लोक आपल्या कबरीची जागा ठरवून बसलेले असतात. गेसूदराजांनी त्या वयात हिजरत केली. ग्वाल्हेर, चंदेरी, मग गुजरातेत बडोदे, खंबायत असा तो प्रवास चालला. वाटेत जागोजागी मुरीद भेटत, मुक्काम लांबत, लोक राहून जाण्याची गळ घालत. गुजरात तेव्हा संपन्न होता. तिथे ते सहज राहू शकले असते. पण वाट पुढे दक्षिणेकडे वळली आणि सत्तर वर्षांपूर्वी लहानपणी ज्या गावात ते बादशहाच्या हुकमाने आले होते, त्या खुल्दाबादेत ते परतले. वडिलांच्या मजारीवर त्यांनी फातेहा पढला. पहिल्या खेपेला दुसऱ्याच्या मर्जीने आलेला मुलगा दुसऱ्या खेपेला स्वतःच्या पायांनी आला होता.

दरम्यान दख्खनही बदलले होते. तुघलकाने जबरदस्तीने आणून वसवलेल्या मंडळींनीच पुढे दिल्लीविरुद्ध बंड केले. १३४७ मध्ये दौलताबादेत अलाउद्दीन हसन बहमनशाह तख्तावर बसला आणि त्याने राजधानी गुलबर्ग्याला नेली. दिल्लीहून आलेल्यांची मुले-नातवंडे आता स्वतःला दख्खनी म्हणवत होती. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. दख्खनी हे नाव इथल्या दरबारात ज्यांना मिळाले त्यांतले अनेकजण मुळात उत्तरेचेच होते. त्यांना दख्खनी केले ते जन्माने नव्हे. इथे राहण्याने, इथल्यांशी सोयरीक-व्यवहार करण्याने आणि दिल्लीकडे परत न पाहण्याने.

गेसूदराज खुल्दाबादेत आल्याची खबर बहमनी सुलतान फिरोजशाहाला लागली. त्याने मोठ्या आदराने निमंत्रण धाडले. १४०० च्या सुमारास ऐंशी वर्षांचे गेसूदराज गुलबर्ग्यात दाखल झाले. किल्ल्याच्या जवळच त्यांची खानकाह उभी राहिली.

विद्वान सुलतान आणि वृद्ध सुफी

फिरोजशाह साधासुधा राजा नव्हता. त्याला अनेक भाषा येत. गणित, ज्योतिष, तर्क यांची त्याला विलक्षण गोडी होती. दौलताबादेजवळ वेधशाळा बांधण्याचे काम त्याने सुरू केले होते. गोवा आणि चौलच्या बंदरांतून जहाजे पाठवून तो परदेशातले विद्वान आणि उत्तम वस्तू मागवी. भीमेच्या काठी त्याने फिरोजाबाद नावाचे नवे शहर वसवले. विजयनगरच्या देवरायाशी लढून त्याच्याच मुलीशी त्याने लग्न केले. उत्तर आणि दक्षिण यांची सांगड घालण्याची त्याची आपली एक रीत होती आणि ती दरबाराची होती.

सुरुवातीला त्याने गेसूदराजांचा मोठा सन्मान केला. पण फिरिश्ता हा इतिहासकार नमूद करतो की, तर्क आणि भूमिती यांत रमणाऱ्या सुलतानाला या वृद्ध सुफीच्या ठायी आपल्याला हवी ती विद्या दिसेना. हळूहळू त्याचा ओढा कमी झाला. सुलतानाचा भाऊ अहमद खान मात्र खानकाहीत नेमाने येऊन बसू लागला. तिथल्या दर्समध्ये, समाच्या मैफलींत तो हजर असे.

खानकाहीत चालत असे ते काय? सकाळी तफसीर आणि हदीसचे दर्स. गेसूदराज मोठे लेखकही होते. ‘अस्मार-उल-असरार’सारखे त्यांचे फारसी ग्रंथ सुफी वाङ्मयात मानाने घेतले जातात. इब्न अरबींचा मोठा दबदबा असताना त्यांच्या मतांवर उघड टीका करण्याचे धाडसही त्यांनी दाखवले. दिल्लीत असताना त्यांनी संस्कृत ग्रंथ पाहिले होते आणि ब्राह्मण पंडितांशी वादही घातले होते. तिथे त्यांचा हेतू आपल्या धर्माची बाजू सिद्ध करण्याचा होता, हेही लपवण्याचे कारण नाही. आजच्या सर्वधर्मसमभावाचा अंगरखा त्यांना चढवला तर तो त्यांच्या मापाचा होणार नाही. आपल्या दीनवर ते ठाम होते. पण समोरच्याशी बोलायचे तर त्याचे पुस्तक आधी वाचले पाहिजे, हा त्यांचा शिरस्ता होता. आपल्या मतावर ठाम राहून दुसऱ्याचे ऐकता येते, याचा हा सहाशे वर्षांपूर्वीचा नमुना आहे.

भाषेबद्दलही त्यांची दृष्टी मोकळी होती. त्यांचे थोरले चिरंजीव सय्यद अकबर हुसैनी यांनी त्यांच्या मैफलींतले बोलणे टिपून ‘जवामि-उल-कलिम’ या नावाने ग्रंथित केले. त्यात फारसी आणि हिंदवी गाण्यांची चर्चा येते. प्रत्येक भाषेची स्वतःची एक खुबी असते आणि हिंदवी गाण्यातला मऊपणा, काळजाला हात घालण्याची त्याची ताकद दुसरीकडे मिळत नाही, असे त्यांचे मत होते. दरबाराची आणि ग्रंथांची भाषा फारसी असताना लोकांच्या बोलीला समाच्या मैफलीत असे मानाचे पान मिळणे, ही दख्खनच्या पुढच्या इतिहासातली मोठी गोष्ट ठरली.

‘मेराज-उल-आशिकीन’ हे दख्खनीतले पहिले गद्य पुस्तक म्हणून बरीच वर्षे त्यांच्या नावावर सांगितले जाई. पुढच्या संशोधनाने ते नंतरच्या काळातले ठरवले आहे. चक्कीनामे, म्हणजे जात्यावर दळताना बायकांनी म्हणायची सुफी गाणी, हीसुद्धा त्यांच्या नावाशी जोडली जातात. पण त्यांचा खरा बहर पुढच्या शतकांतला, विजापूरच्या सुफींच्या काळातला. तरीही लोकांनी ही गाणी त्यांच्याच नावाने का सांगितली, याला अर्थ आहे. मराठी बाई जात्यावर बसून विठ्ठलाच्या ओव्या गात होती. शेजारच्या आळीत तसल्याच जात्याच्या खुंट्याला धरून दुसरी बाई अल्लाहचे नाव गुंफत होती. दोघींच्या दळणाची लय एकच होती. आपल्या बोलीतून, आपल्या कामातून खुदापर्यंत पोचता येते ही मुभा आपल्याला कोणी दिली, असे विचारले की दख्खनच्या माणसाच्या तोंडी आपोआप बंदेनवाजांचे नाव येई. ग्रंथाचा कर्ता कोण हे संशोधक ठरवतील. ऋण कोणाचे हे लोकांनी केव्हाच ठरवले होते.

आशीर्वाद नाकारला तो दिवस

या शांत वर्षांत एक मोठा घाव बसला. थोरले चिरंजीव सय्यद अकबर हुसैनी वडिलांच्या हयातीतच गेले. बापाचे बोलणे ज्याने टिपून ठेवले होते, त्या मुलाला मातीआड करण्याची वेळ नव्वदीच्या घरातल्या बापावर आली. दर्स मात्र थांबले नाहीत.

मग १४१५ च्या सुमारास फिरोजशाहाने आपला मुलगा हसन खान याला वारस नेमले. मोठ्या सुफीच्या आशीर्वादाशिवाय वारसाचा हक्क लोकांच्या मनात ठसणार नाही, हे सुलतानाला ठाऊक होते. त्याने गेसूदराजांकडे दुआ मागितली. त्यांनी ती दिली नाही. सुलतानाने ज्याला नेमले आहे त्याला फकिराच्या दुआची गरज काय, अशा अर्थाचे उत्तर आधी गेले. पुन्हा आग्रह झाला तेव्हा त्यांनी स्पष्टच कळवले की तख्त अहमद खानाच्या नशिबी लिहिले आहे. इतर कोणासाठी दुआ मागणे व्यर्थ आहे.

ज्याने आसरा दिला, ज्याच्या किल्ल्याच्या सावलीत खानकाह उभी होती, त्यालाच हे उत्तर गेले होते. गोड बोलून वेळ मारून नेणे सोपे होते. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला कोणी दोषही दिला नसता. पण दुआ ही अमानत आहे, आसऱ्याच्या मोबदल्यात द्यायची वस्तू नव्हे, हे चिराग-ए-दिल्लींचा मुरीद विसरला नव्हता.

फिरोजशाह दुखावला. खानकाहीतल्या गर्दीचा किल्ल्याला त्रास होतो, हे कारण पुढे करून त्याने त्यांना तिथून हलण्यास सांगितले. गेसूदराजांनी वाद घातला नाही. त्यांनी शहराबाहेर जागा घेतली आणि लोकांनी तिथे त्यांच्यासाठी नवे घर बांधले. आयुष्यातले हे त्यांचे शेवटचे स्थलांतर. अंतर जेमतेम काही मैलांचेही नव्हते. पण यामुळे एक गोष्ट घडली. किल्ल्याच्या पहाऱ्यातून त्यांच्याकडे जावे लागे, ते संपले. शेतकरी, विणकर, बाजारातले लोक आता थेट येऊ लागले. ख्वाजा दरबारापासून दूर गेले आणि लोकांच्या जवळ आले. बंदेनवाज, म्हणजे बंद्यांना नवाजणारे, गोरगरिबांवर माया करणारे, हे नाव दख्खनच्या तोंडी बसले ते अशाच लोकांमुळे.

पुढची वर्षे फिरोजशाहाला वाईट गेली. पानगलच्या वेढ्यात त्याच्या फौजेत साथ पसरली आणि विजयनगरकडून मोठा पराभव झाला. तब्येत ढासळली. मुलाच्या वाटेतला काटा दूर करण्यासाठी भावाचे डोळे काढण्याचा बेत झाला. सुगावा लागताच अहमद खान निसटला. बसऱ्याचा व्यापारी खलफ हसन त्याच्या सोबतीला होता. दोन्ही बाजूंच्या फौजा समोरासमोर आल्या आणि १४२२ च्या सप्टेंबरमध्ये आजारी फिरोजशाहाने तख्त भावाच्या हवाली केले. काही दिवसांतच तो मरण पावला.

महिन्याभरात, १ नोव्हेंबर १४२२ रोजी, हिजरी ८२५ च्या जिल्काद महिन्याच्या १६ तारखेला, गेसूदराज या जगातून गेले. ते शंभरी ओलांडून गेले होते. ज्या नव्या जागेवर त्यांना हलवण्यात आले होते, तिथेच त्यांना दफन करण्यात आले.

दरबार गेला, दर्गा राहिला

नवा सुलतान अहमदशाह त्यांचा भक्त. त्याने मजारीवर भव्य घुमट उभारला, दर्ग्याला गावे इनाम दिली. पण त्यानेच पुढे राजधानी बीदरला नेली आणि इराणातल्या किरमानच्या शाह नेमतुल्लाह यांच्या घराण्याला दरबारी मान दिला. समुद्रमार्गे इराण-अरबस्तानातून आलेले आफाकी आणि जुने दख्खनी यांच्यातली चढाओढ बहमनी राज्याला पोखरत गेली. महमूद गवानसारखा वजीर १४८१ मध्ये तिचाच बळी ठरला. कोण इथला आणि कोण बाहेरचा, या भांडणात राज्य फुटले आणि त्याच्या पाच शाही झाल्या.

दर्ग्याला हा प्रश्न पडला नाही. दरबार बीदरला गेला, गुलबर्गा राजधानी राहिले नाही, पण लोकांची वाट मोडली नाही. खुद्द अहमदशाहाचेही तेच झाले. बीदरजवळच्या अष्टूरला त्याच्या मजारीवरचा उरूस आजही हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्यात लिंगायत जंगमांचा मान असतो. सुलतान म्हणून त्याला लोक विसरले असते. वली म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतले.

पुढे हा मुलूख विजापूरकरांकडे, मोगलांकडे, निजामाकडे गेला. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेले, गुलबर्गा, बीदर, रायचूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. काही घरांत भाऊ एका राज्यात राहिला आणि बहीण दुसऱ्या. शाळेची भाषा बदलली, सरकारी पाट्या बदलल्या. पण जिल्कादचा महिना आला की सोलापूर, लातूर, उस्मानाबाद, नांदेड इथली माणसे पूर्वीसारखीच उरसाला निघतात आणि तिथे त्यांना कर्नाटकातली, तेलंगणातली आपली माणसे भेटतात. सीमाभागातल्या कितीतरी मुलांचे नाव आजही बंदेनवाज ठेवले जाते. दख्खन हे नाव आज कोणत्याच राज्याच्या नकाशावर नाही. उरसाच्या तीन दिवसांत ते गुलबर्ग्याच्या रस्त्यांवर चालता-बोलता दिसते.

रमजान माणसाला सोडायला शिकवतो. भाकरी सोडायची, पाणी सोडायचे, राग सोडायचा आणि संध्याकाळी जे वाट्याला येईल ते शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायचे. बंदेनवाजांनी दिल्ली सोडली, राजाची मर्जी सोडली, किल्ल्याजवळची जागा सोडली. आपला दीन, आपले इल्म आणि आपल्या मुर्शिदाची शिकवण मात्र त्यांनी कुठेच सोडली नाही. एखाद्या मातीचे होण्यासाठी आपले सगळे पुसून टाकावे लागत नाही आणि आपलेपण जपण्यासाठी त्या मातीला परके मानावे लागत नाही, हे त्यांच्या शंभर वर्षांचे सार आहे. ओळखीच्या नावाने माणसांत भिंती उभ्या राहत असताना ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गुलबर्ग्यात दर्ग्याकडे जाताना जवळच हफ्त गुंबज नावाचा शाही कबरींचा समूह लागतो. तिथल्या सर्वांत देखण्या, जोडघुमटाच्या इमारतीत फिरोजशाह निजला आहे. इमारत सुंदर आहे, तिच्या नक्षीत इथल्या कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो. पाहायला येतात ते बहुधा इतिहासाचे अभ्यासक आणि पर्यटक. ज्या वृद्धाला त्याने किल्ल्यापासून दूर जायला सांगितले, तो तिथून थोड्याच अंतरावर विसावला आहे आणि त्याच्या दारात सहाशे वर्षांनंतरही गर्दी हटत नाही.